बहुवारिकांची जडणघडण आणि मोडतोड

प्लास्टिकची पिशवी कुजायला किती वर्षे लागतात, हा प्रश्न शाळेतल्या निबंधापासून नगरपालिकेच्या फलकापर्यंत सर्वत्र विचारला जातो आणि त्याची चारशे, पाचशे, हजार वर्षे अशी ठाम उत्तरेही दिली जातात. बेकेलाइट हे पहिले पूर्णतः कृत्रिम प्लास्टिक 1907 मध्ये तयार झाले आणि पिशव्यांचे पॉलिएथिलीन तर 1933 मध्ये एथिलीनपासून प्रथम मिळाले, हे लक्षात घेतले म्हणजे यांतला एकही आकडा प्रत्यक्ष मोजलेला असणे शक्य नाही, हे उघड होते. ते सारे थोड्या काळाच्या निरीक्षणांवरून लांबवर ताणलेले अंदाज आहेत. पण आकड्यांचा कच्चेपणा हा दुय्यम दोष होय. मुख्य दोष प्रश्नाच्या मांडणीतच आहे, कारण ती मांडणी कुजणे हा पदार्थाच्या अंगचा, घनतेइतका स्थिर असा गुण मानते. रसायनशास्त्राची साक्ष वेगळी आहे. एखादा बहुवारिक, म्हणजे प्लास्टिकसारखा लांब साखळ्यांचा पदार्थ, कोणत्या ठिकाणी तुटेल, त्यासाठी पाणी लागेल की ऑक्सिजन की नुसती उष्णता, आणि तुटल्यावर हाती काय येईल, हे पुष्कळ अंशी तो ज्या अभिक्रियेने घडला त्या अभिक्रियेतच ठरून गेलेले असते. त्यामुळे विघटनाचा विचार कचराकुंडीपाशी सुरू करणे हे वरातीमागून घोडे दामटण्यासारखे ठरते.

एकाच किंवा मोजक्या प्रकारचे लहान रेणू शेकड्यांनी, कधी हजारांनी, सहसंयुजी बंधांनी, म्हणजे अणूंमध्ये इलेक्ट्रॉनांची भागीदारी होऊन बनणाऱ्या भक्कम बंधांनी, एकमेकांना जोडले गेले की जो महारेणू तयार होतो त्याला बहुवारिक म्हणतात आणि ज्या लहान रेणूंपासून तो बनतो त्यांना एकवारिक. आज ही व्याख्या बारावीच्या पुस्तकात एका ओळीत येते, पण 1920 मध्ये हेर्मान श्टाउडिंगर या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने ती मांडली तेव्हा तिला विरोधच अधिक झाला. रबर, सेल्युलोज, प्रथिने हे सर्व पदार्थ म्हणजे लहान रेणूंचे, कसल्यातरी दुर्बल आकर्षणाने एकत्र राहिलेले पुंजके आहेत, असे मानणाऱ्यांचे पारडे त्या काळी जड होते. पाच हजारांहून अधिक रेणुभाराचे सेंद्रिय रेणू असूच शकत नाहीत, तेव्हा या कल्पनेचा नाद सोडावा, असा सल्ला हाइनरिख व्हीलांड यांच्यासारख्या मोठ्या अभ्यासकाने दिल्याचे श्टाउडिंगर यांनी पुढे आपल्या आठवणींत नोंदवले आहे. श्टाउडिंगर यांचा प्रतिवाद प्रयोगाचा होता. रबरातील लहान रेणू जर त्यांच्या दुहेरी बंधांतून निघणाऱ्या शिल्लक आकर्षणाने एकत्र राहत असतील, तर त्या दुहेरी बंधांवर हायड्रोजन चढवून ते नाहीसे केल्याबरोबर पुंजका मोडला पाहिजे आणि सहज उडून जाणारा एखादा साधा हायड्रोकार्बन मिळाला पाहिजे. त्यांनी रबराचे हायड्रोजनीकरण करून पाहिले. जो पदार्थ मिळाला तो उडून गेला नाही. मूळ रबरासारखाच तो दाट, चिवट द्रावण देत राहिला. या कार्याबद्दल त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले ते 1953 मध्ये, वयाची सत्तरी उलटल्यावर.

हा वाद जुना झाला असला तरी त्याचे मर्म विघटनाच्या प्रश्नाशी थेट जोडलेले आहे. पुंजका विरघळतो, विस्कटतो, नुसता तापवला तरी मोकळा होतो. महारेणू मात्र मोडावा लागतो, आणि मोडण्यासाठी रासायनिक अभिक्रियाच घडावी लागते. कोणती अभिक्रिया, हे जोडणीच्या प्रकारावर अवलंबून असते.

जोडणीचे दोन मुख्य प्रकार आहेत. त्यांतील पहिला, संघनन बहुवारिकीकरण, नीट समजून घेण्यासाठी पाण्याच्या बाटलीच्या पॉलिएथिलीन टेरेफ्थॅलेटइतके, म्हणजे ज्याला बाजारात पेट म्हणतात त्याच्याइतके, सोयीचे उदाहरण दुसरे नाही. टेरेफ्थॅलिक अम्लाच्या रेणूला दोन टोकांना दोन अम्लगट असतात आणि एथिलीन ग्लायकॉलच्या रेणूला दोन टोकांना दोन अल्कोहोलगट. अम्लगट आणि अल्कोहोलगट जुळले की एस्टर नावाचा बंध तयार होतो आणि पाण्याचा एक रेणू बाहेर पडतो. दोन्ही रेणूंना दोन-दोन टोके असल्यामुळे ही जुळणी कोठे थांबत नाही आणि साखळी लांबत जाते. कारखान्यात आधी अम्लाच्या दोन्ही बाजूंना ग्लायकॉल जोडून घेतात आणि मग सुमारे 280 अंश सेल्सिअसला, अँटिमनीच्या संयुगाचा उत्प्रेरक वापरून, अशा घटकांना एकमेकांशी जोडत जादा ग्लायकॉल बाहेर काढतात. हे बाहेर काढणे फार महत्त्वाचे आहे. या अभिक्रियेचा समतोल कोणत्याही एका बाजूला ठळकपणे झुकलेला नसतो. जोडणी आणि सुटणी या दोन्ही क्रिया भांड्यात एकाच वेळी चालू असतात, आणि निर्वात पंपाने ग्लायकॉल सतत ओढून घेतले जाते म्हणूनच जोडणीची सरशी होते. पंप थांबवून भांड्यात ग्लायकॉल परत ओतले तर तीच अभिक्रिया उलट्या दिशेने चालू लागेल आणि साखळ्या आखूड होत जातील.

जोडणी किती पूर्णत्वाला न्यावी लागते, याचा हिशेब अमेरिकेतील ड्यू पाँ कंपनीत काम करणाऱ्या वॉलेस कॅरॉथर्स यांनी एका अत्यंत साध्या सूत्रात मांडला. टोकांवरील गटांपैकी जेवढा अंश जुळायचा राहिला असेल त्याने एकाला भागले की साखळीची सरासरी लांबी मिळते. नव्वद टक्के गट जुळले तर साखळी सरासरी दहाच घटकांची राहते. नव्व्याण्णव टक्के जुळले तेव्हा कुठे ती शंभर घटकांची होते. शेवटच्या एका टक्क्यासाठी उद्योगाला एवढा आटापिटा करावा लागतो, आणि उलट बाजूने पाहिले तर शंभरातला एक बंध सुटला तरी साखळीची लांबी निम्म्यावर येते. पेटच्या बाटल्या वितळवून त्यांपासून धागा काढणाऱ्या उद्योगाला याचा रोजचा अनुभव असतो. बाटल्यांचे तुकडे वितळवण्यापूर्वी अगदी कोरडे करून घ्यावे लागतात, कारण त्यांत ओलाव्याचा अल्पसा अंश जरी राहिला तरी वितळलेल्या अवस्थेत ते पाणी एस्टर बंध तोडते, वितळलेला रस पातळ होतो आणि धाग्याला बळ राहत नाही. जलीय विच्छेदन, म्हणजे पाण्याच्या रेणूने बंध तोडणे, ही जी क्रिया कचऱ्याच्या ढिगात हवीहवीशी वाटते, तीच इथे नको त्या वेळी घडून नुकसान करते.

येथे इतिहासातील एक विसंगती नोंदवण्याजोगी आहे. कॅरॉथर्स यांनी सुरुवातीला जी पॉलिएस्टरे बनवली त्यांतील अम्लांचे सांगाडे साध्या कार्बनसाखळ्यांचे होते. ती कमी तापमानाला वितळत आणि पाण्यापुढे टिकत नसत, म्हणून कापडाच्या कामाची नाहीत असे ठरवून त्यांचा गट अमाइड बंधाकडे वळला आणि 1935 मध्ये नायलॉन हाती आले. 1941 मध्ये इंग्लंडमधील व्हिनफील्ड आणि डिक्सन यांनी साध्या अम्लाच्या जागी बेंझिनचे ताठ वलय असलेले टेरेफ्थॅलिक अम्ल वापरले आणि पॉलिएस्टरमधला हा दोष घालवला. आज कंपोस्टमध्ये जिरणाऱ्या पिशव्यांसाठी जी पॉलिएस्टरे मोठ्या कौतुकाने विकली जातात, त्यांच्या अंगी मात्र कॅरॉथर्स यांनी नाकारलेलाच गुण आहे. एका पिढीने दोष म्हणून टाकलेली गोष्ट पुढच्या पिढीने गुण म्हणून उचलली. दरम्यान रसायन तेच राहिले, बदलली ती गरज.

जोडणीचा दुसरा प्रकार समावेशन बहुवारिकीकरणाचा. यात काही बाहेर पडत नाही. एथिलीनच्या रेणूतील दोन कार्बन अणूंमध्ये दुहेरी बंध असतो. त्यातला एक पदर उघडून तो शेजारच्या रेणूला जोडला जातो आणि कार्बनला कार्बन असा एकेरी बंधांचा अखंड कणा तयार होतो. ही सुरुवात करायला मुक्त मूलक लागतो, म्हणजे एक इलेक्ट्रॉन जोडीदाराविना मोकळा राहिलेला, म्हणून अतिशय उतावळा असा कण. 1933 मध्ये इंग्लंडमधील विनिंग्टन येथे आयसीआय या रासायनिक कंपनीच्या प्रयोगशाळेत गिब्सन आणि फॉसेट यांनी हजाराहून अधिक वातावरणांच्या दाबाखाली एथिलीन तापवले तेव्हा भांड्यात थोडासा पांढरा, मेणकट पदार्थ मिळाला, पण प्रयोग पुन्हा करताना कधी तो मिळे, कधी मिळत नसे, कधी भांडेच फुटे. ऑक्सिजनचा अगदी सूक्ष्म अंश शिरला तरच साखळी सुरू होते, हे दोन-तीन वर्षांनी ध्यानात आले. ऑक्सिजन या कथेत पुन्हा येणार आहे, आणि तेव्हा तो घडवणारा नसून मोडणारा असेल.

दोन्ही प्रकारांतील खरा फरक ऊर्जेच्या जमाखर्चात आहे. एस्टर बंध बनताना फारशी उष्णता बाहेर पडत नाही, त्यामुळे परतीची वाटही फारशी चढाची नसते. एथिलीनचा दुहेरी बंध उघडून एकेरी बंध बनतो तेव्हा मात्र दर मोलमागे नव्वदहून अधिक किलोज्यूल उष्णता बाहेर टाकली जाते, आणि ती टाकून मिळवलेले स्थैर्य मोडायचे तर तेवढी ऊर्जा परत भरावी लागते. तरीही ही वाट कायमची बंद नसते, याचे कारण एंट्रॉपी. अव्यवस्थेचे माप असे तिचे ढोबळ वर्णन करतात. हजारो मोकळे रेणू एका साखळीत बांधले गेले की त्यांचे स्वातंत्र्य जाते, एंट्रॉपी घटते, आणि हा तोटा तापमान वाढेल तसा अधिकाधिक जड होत जातो. म्हणून अशा प्रत्येक बहुवारिकाला एक कमाल तापमान असते, ज्याच्या वर जोडणीपेक्षा सुटणी प्रबळ ठरते. डेंटन आणि आयव्हिन या इंग्रज शास्त्रज्ञांनी 1948 मध्ये या तापमानाची उपपत्ती मांडली. दुहेरी बंधाच्या निरनिराळ्या एकवारिकांत एंट्रॉपीचा तोटा जवळपास सारखाच असल्यामुळे हे तापमान मुख्यतः बाहेर पडणाऱ्या उष्णतेवर ठरते. अल्फा-मिथिल स्टायरीनमध्ये गटांची दाटी होऊन उष्णता कमी सुटते, म्हणून त्याची मर्यादा केवळ 61 अंशांच्या आसपास आहे. साध्या स्टायरीनची ती तीनशेच्या पुढे जाते.

परंतु कमाल तापमान ओलांडले की एकवारिक आपोआप परत मिळते, असे समजणे भाबडेपणाचे होईल. साखळी कोणत्या रीतीने तुटते हा प्रश्न वेगळाच आहे, आणि त्याचे उत्तर दोन परिचित पदार्थांच्या तुलनेने स्पष्ट होते. दुकानांच्या पाट्यांसाठी ज्याला सरसकट अॅक्रिलिक म्हणतात ते पॉलिमिथिल मेथाक्रिलेट चारशे अंशांच्या वर तापवले तर साखळीच्या तुटलेल्या टोकापासून एकेक घटक क्रमाने सुटत जातो आणि नव्वद टक्क्यांहून अधिक एकवारिक परत मिळते. त्याच्या कण्यातील प्रत्येक दुसऱ्या कार्बनवर हायड्रोजन शिल्लकच नसल्यामुळे टोकावरील मूलकाला शेजारून हायड्रोजन पळवण्याची संधी फारशी नसते आणि मागे सरकत जाणे हाच त्याला सोयीचा मार्ग उरतो. पॉलिएथिलीनच्या कण्यावर मात्र जिकडेतिकडे हायड्रोजनच हायड्रोजन असतात. तेथे तयार झालेला मूलक जवळच्या साखळीतून हायड्रोजन ओढतो, ती साखळी भलत्याच ठिकाणी तुटते, आणि मिळते ते एथिलीन नव्हे, तर वायू, तेल आणि मेण यांचे मिश्रण. हे मिश्रण इंधन म्हणून जाळता येते किंवा पेट्रोरसायनांच्या कारखान्यात आठशे अंशांच्या वर पुन्हा तापवून त्यातून एथिलीन काढता येते, पण या सगळ्या उठाठेवीला पुनर्चक्रण म्हणणे हा शब्दाचा बराच उदार वापर झाला. पीव्हीसीची, म्हणजे पॉलिव्हायनिल क्लोराइडची, तऱ्हा तिसरीच. त्याचा कणा तुटण्याच्या आधीच बाजूचा क्लोरीन हायड्रोजनसह निसटतो आणि हायड्रोक्लोरिक अम्लाची वाफ यंत्र खाऊ लागते.

या पार्श्वभूमीवर निसर्गातील बहुवारिकांकडे पाहिले म्हणजे एक गोष्ट विशेष जाणवते. स्टार्च, सेल्युलोज, प्रथिने, न्यूक्लिइक अम्ले या सगळ्यांची जोडणी संघननाची आहे. प्रत्येक बंध घडताना निव्वळ हिशेबाने पाण्याचा एक रेणू बाहेर पडतो, आणि तोही पाण्याने भरलेल्या पेशीत. ऊर्जेच्या हिशेबाने पाहता पाण्यात हे सारे महारेणू अस्थिरच आहेत, ते सुटण्याकडेच कल असायला हवा. प्रत्यक्षात ते टिकतात, कारण सुटण्याचा वेग विलक्षण मंद असतो. अमेरिकी जैवरसायनशास्त्रज्ञ रिचर्ड वोल्फेंडेन यांच्या गटाने काढलेल्या अंदाजानुसार सेल्युलोजमधील निम्मे बंध उत्प्रेरकाविना नुसत्या पाण्याने सामान्य तापमानाला तुटायचे तर काही दशलक्ष वर्षे लागतील. म्हणजे ज्याला जैवविघटनशील पदार्थांचा मेरुमणी मानावे तो सेल्युलोज स्वतःहून कुजतच नाही. त्याचे बंध तोडणारी एंझाइमे, म्हणजे सजीवांनी घडवलेले उत्प्रेरक, जगात असल्यामुळे तो कुजतो.

ज्वारीच्या एकाच ताटात हे सगळे पाहायला मिळते. कणसातील दाण्यात स्टार्च असतो आणि ताटाच्या कडब्यात सेल्युलोज, आणि दोन्ही एकाच ग्लुकोजचे बहुवारिक आहेत. फरक आहे तो दोन ग्लुकोजांना जोडणाऱ्या ऑक्सिजनच्या दिशेत: स्टार्चमध्ये तो अल्फा पद्धतीने जोडलेला असतो, सेल्युलोजमध्ये बीटा पद्धतीने. अल्फा जोडणीमुळे साखळीला वळण पडते आणि ती सैल राहते. बीटा जोडणीत साखळी सरळ होते, सरळ साखळ्या एकमेकींना हायड्रोजन बंधांनी चिकटून स्फटिकासारख्या घट्ट बसतात आणि पाण्याला किंवा एंझाइमाला आत शिरायला फट उरत नाही. माणसाच्या लाळेतले एंझाइम भाकरीचा स्टार्च तोंडातच तोडू लागते, पण कडब्यातील बंधाला ते हातही लावू शकत नाही. बैलाचेही तसेच, त्याच्या स्वतःच्या पेशींना सेल्युलोज तोडता येत नाही, त्याच्या कोठीपोटात मुक्कामाला असलेले सूक्ष्मजीव ते काम करतात आणि त्यासाठी त्याला तासन्‌तास रवंथ करून कडब्याचे तंतू बारीक करून द्यावे लागतात. घटक तेच, रोप तेच, शेत तेच. केवळ बंधाची दिशा आणि साखळ्यांची बैठक बदलल्याने एक भाग माणसाचे अन्न होतो आणि दुसरा गोठ्याचे. विघटनशीलता पदार्थाच्या नावावरून ठरवणाऱ्यांनी या एका ताटाचा तरी विचार करायला हवा.

कृत्रिम कार्बनकण्याच्या बाबतीत पाण्याला तोडण्याजोगा बंधच सापडत नाही, आणि म्हणून तेथे मोडतोडीचे काम मुख्यतः ऑक्सिजन आणि सूर्यप्रकाश यांच्याकडे जाते. गच्चीवर किंवा अंगणात वर्षानुवर्षे उन्हात राहिलेल्या प्लास्टिकच्या खुर्चीवर हात फिरवला तर बोटांना पांढरी भुकटी लागते आणि पुढे एखाद्या दिवशी तिचा पाय कडकन मोडतो. ही खुर्ची बहुधा पॉलिप्रॉपिलीनची असते. त्याच्या कण्यातील प्रत्येक दुसऱ्या कार्बनला एक मिथिल गट लटकलेला असतो आणि त्या कार्बनवरचा एकुलता एक हायड्रोजन तुलनेने सैल धरलेला असतो. अतिनील किरणांच्या ऊर्जेने सुरुवात झाली की तो हायड्रोजन निघतो, उरलेल्या मूलकाला ऑक्सिजन चिकटतो, त्यातून हायड्रोपेरॉक्साइड बनते, ते फुटून आणखी मूलक जन्माला घालते आणि साखळी जागोजागी तुटते. हे थोपवण्यासाठी उत्पादक प्लास्टिकमध्ये ऑक्सिडीकरणविरोधी आणि प्रकाशरोधक द्रव्ये मिसळतात. टिकाऊपणासाठी पदरमोड करून विघटन रोखायचे आणि मग वस्तू फेकून दिल्यावर ती विघटित होत नाही म्हणून कपाळाला हात लावायचा, ही या व्यवहारातील नेहमीची गंमत.

खुर्ची मोडली म्हणजे तिचे विघटन झाले काय, हा यापुढचा प्रश्न, आणि त्याचे स्वच्छ उत्तर नकारार्थी आहे. हजारो घटकांच्या साखळीला चार-पाच ठिकाणी छेद गेला तरी वस्तूचे यांत्रिक बळ संपते, कारण ते बळ साखळ्यांच्या लांबीतून आणि त्यांच्या एकमेकींत गुंतण्यातून आलेले असते. पण द्रव्य जवळजवळ तेवढेच, फक्त लहान कणांच्या रूपात, शिल्लक राहते. सूक्ष्मजीवाला ते खाण्यायोग्य व्हायचे तर साखळ्या आणखी कितीतरी आखूड, काही डझन कार्बनांपर्यंत, यायला हव्यात. कोबाल्ट, मँगनीज किंवा लोहाचे क्षार मिसळून पॉलिएथिलीनचे ऑक्सिडीकरण लवकर घडवून आणणाऱ्या तथाकथित ऑक्सो-विघटनशील पिशव्या याच भेदावर पांघरूण घालून विकल्या गेल्या. पिशवी डोळ्यांआड होते एवढे खरे, पण डोळ्यांआड होणे आणि नाहीसे होणे यांत रसायनाच्या दृष्टीने मोठे अंतर आहे. युरोपीय संघाने 2019 च्या निर्देशाने अशा प्लास्टिकावर बंदी घातली, ती या दृष्टीने योग्यच म्हटली पाहिजे.

यावर एक आक्षेप येण्यासारखा आहे. निसर्गाचा मार्ग जर संघननाचा आणि एंझाइमांचा असेल, तर सगळी प्लास्टिके तशाच बंधांची बनवावीत आणि एंझाइमांच्या हवाली करावीत, म्हणजे प्रश्न मिटला, असे म्हणता येईल. 2016 मध्ये जपानमधील साकाई येथे, पेटच्या बाटल्यांच्या पुनर्चक्रण केंद्राजवळच्या नमुन्यांत, इडिओनेला साकाइएन्सिस हा जिवाणू सापडल्याचे जाहीर झाले तेव्हा या आशेला पंख फुटले. हा जिवाणू एका एंझाइमाने पेटचा एस्टर बंध तोडतो, दुसऱ्याने त्यातून निघालेला तुकडा आणखी तोडतो आणि अखेर टेरेफ्थॅलिक अम्ल व ग्लायकॉल मोकळे करतो. ज्या दोन पदार्थांपासून बाटलीचा प्रवास सुरू झाला तेच परत मिळावेत, हे संघननाच्या जोडणीमुळेच शक्य झाले. पॉलिएथिलीनवर याच तोडीचे यश कोणत्याही एंझाइमाला मिळालेले नाही. पण ज्वारीच्या कडब्याने शिकवलेला धडा इथेही लागू पडतो. बाटली फुगवताना तिच्या साखळ्या ताणल्या जाऊन शिस्तीत बसतात, स्फटिकासारख्या घट्ट होतात, आणि एंझाइमाला त्यांत शिरकाव मिळत नाही. 2020 मध्ये फ्रान्समधील संशोधकांनी पानांच्या कंपोस्टातून मिळालेल्या एका एंझाइमात फेरफार करून दहा तासांत नव्वद टक्के पेट सोडवून दाखवले; त्यासाठी 72 अंश तापमान लागले, जेथे साखळ्यांना थोडी हालचाल करता येते, आणि कचरा आधी वितळवून, झटकन थंड करून, दळून घ्यावा लागला. या बैलासाठी रवंथ कारखान्याला करावा लागतो, एवढाच फरक.

मक्याच्या किंवा उसाच्या साखरेपासून बनणाऱ्या पॉलिलॅक्टिक अम्लाचीही हीच कथा आहे. त्याचा बंध एस्टरचाच, पण साठ अंशांच्या थोड्या खाली त्याच्या साखळ्या काचेसारख्या गोठलेल्या असतात, म्हणून कंपोस्टयोग्यतेची प्रमाणित चाचणी 58 अंशांच्या आसपास घेतली जाते आणि मोठ्या कंपोस्ट प्रकल्पाच्या उष्ण ढिगात तो पदार्थ खरोखर जिरतोही. घरामागच्या खड्ड्यात किंवा समुद्रात ते तापमान नसते. शिवाय वनस्पतीपासून बनले म्हणून ते कुजेल, हा समज तर साफ चुकीचा आहे: ब्राझीलमध्ये उसाच्या अल्कोहोलपासून पॉलिएथिलीन बनवले जाते आणि ते खनिज तेलाच्या पॉलिएथिलीनइतकेच चिवट असते. उलट पेट्रोलियमपासून बनलेली काही पॉलिएस्टरे कंपोस्टमध्ये सुखाने जिरतात. कच्चा माल कोठून आला हे कार्बनच्या हिशेबासाठी महत्त्वाचे असेल. बंधाला त्याची दखल नसते.

आणि मुळात सगळे काही सहज मोडावे, अशी अपेक्षा तरी का धरावी? जमिनीत पुरलेल्या पाण्याच्या पाइपाने, विजेच्या तारेवरील आवरणाने, शस्त्रक्रियेत बसवलेल्या सांध्याच्या वाटीने पन्नास वर्षे निमूटपणे टिकावे, हीच त्यांच्याकडून अपेक्षा असते, आणि तेथे कार्बनकण्याचा हट्टीपणा हा उपकार आहे. अडचण येते ती पन्नास वर्षांचा बंध पन्नास मिनिटांच्या वापरासाठी खर्च केला जातो तेव्हा. टिकणे आणि परतणे या दोन गोष्टी एकाच रेणूत किती साधता येतात, हा आजच्या बहुवारिक रसायनातील कळीचा प्रश्न आहे. कोलोरॅडो स्टेट विद्यापीठातील यूजीन चेन आणि मियाओ हाँग यांनी 2016 मध्ये गॅमा-ब्युटिरोलॅक्टोन या पाच अणूंच्या वलयाचे बहुवारिक बनवले. हे वलय आधीच एवढे सुखात असते की ते उघडून साखळी बनवण्यात ऊर्जेचा लाभ जवळजवळ नाही, आणि म्हणूनच ते बहुवारिकीकरणाला नालायक असा त्याचा लौकिक होता. चेन आणि हाँग यांनी तापमान उणे 40 अंशांपर्यंत उतरवून ते काम साधले. तयार झालेले बहुवारिक पुढे तापवले की शुद्ध एकवारिक परत मिळते. परंतु ते साठेक अंशांना वितळते, तेव्हा चहाच्या पेल्याच्या कामाचे नाही. परतीची वाट जितकी सोपी करावी तितकी मुक्कामाची शाश्वती कमी होते. पुढच्या संशोधनाने वलयाला दुसरे वलय जोडून ही ओढाताण बरीच सैल केली आहे, पण ती पूर्ण सुटेल असे मानायला उष्मागतिकी, म्हणजे उष्णता आणि ऊर्जा यांच्या हिशेबाचे शास्त्र, फारशी जागा ठेवत नाही.

रसायनाने सोडवलेला प्रश्न वस्तूच्या रचनेने पुन्हा बिघडवता येतो, हेही ध्यानात घ्यायला हवे. दोन निरनिराळ्या बहुवारिकांच्या साखळ्या वितळवल्या तरी सहसा एकमेकींत मिसळत नाहीत. लहान रेणूंचे द्रव मिसळतात ते मुख्यतः एंट्रॉपीच्या लाभामुळे, आणि लांब साखळीत हजारो घटक एकमेकांना बांधलेले असल्याने तो लाभ नगण्य उरतो. पॉलिएथिलीन आणि पॉलिप्रॉपिलीन ही सख्खी भावंडे, पण एकत्र वितळवून ओतली तर थंड झाल्यावर दोघांच्या सीमेवर तडा जातो. म्हणून पुण्यात कागद, काच, पत्रा वेचणाऱ्या बायका पेटची बाटली, तिचे झाकण आणि दुधाची पिशवी वेगवेगळ्या ढिगात टाकतात तेव्हा त्या रेणूंचेच वर्गीकरण करत असतात. शाम्पूच्या किंवा वेफर्सच्या पुडीत मात्र निरनिराळ्या बहुवारिकांचे पापुद्रे, बरेचदा मध्ये अॅल्युमिनियमचा थर घालून, एकमेकांना चिकटवलेले असतात. हवा आणि ओल रोखण्यासाठी ती रचना उत्तम, पण तिचे थर कोणाच्या हाताने सुटत नाहीत.

कायद्याने या प्रश्नाला हात घातला तो जाडीच्या बाजूने. 26 जुलै 2005 च्या मुंबईतील पुरात तुंबलेल्या नाल्यांचा ठपका पिशव्यांवर आला, त्यानंतर महाराष्ट्राने पातळ पिशव्यांवर निर्बंध कडक केले, 2018 मध्ये राज्याने व्यापक बंदी घातली आणि 2022 च्या अखेरीपासून देशभर 120 मायक्रॉनहून पातळ पिशवी निषिद्ध झाली. जाडी वाढवल्याने बंध बदलत नाही. जाड पिशवी वेचण्याजोगी आणि पुन्हा वापरण्याजोगी ठरते, हा त्यामागचा हिशेब अर्थशास्त्राचा आहे आणि तो चुकीचाही नाही. मात्र 2022 मध्येच केंद्र सरकारने उत्पादकांच्या विस्तारित जबाबदारीसाठी, म्हणजे वापरानंतरच्या कचऱ्याचा भार उत्पादकांवर टाकणाऱ्या नियमांसाठी, आवेष्टनांचे जे वर्ग पाडले, कडक, लवचीक, बहुथरी आणि कंपोस्टयोग्य, त्यांतील पहिले तीन वर्ग वस्तूच्या रूपावरून ठरतात. पेटची बाटली आणि पॉलिएथिलीनचा डबा त्यामुळे एकाच कडक वर्गात शेजारी बसतात, जरी एकाला ग्लायकॉलात उकळून मूळ घटकांपर्यंत नेता येते आणि दुसऱ्याच्या नशिबी वितळणे, मेण होणे किंवा जळणे एवढेच पर्याय असतात. आवेष्टन बाजारात आणणाऱ्याकडून त्यातील कण्याचा प्रकार, थरांची संख्या आणि ते सुटे करण्याची रीत एवढे तीन रकाने भरून घेतले, तर कोणत्या मालाची परतीची वाट आहे आणि कोणत्याची मुळातच नव्हती, हे तो माल दुकानात पोचण्यापूर्वीच कळू शकेल, आणि त्यानुसार दोघांवरचे शुल्क वेगळे ठेवायला कोणतीही रासायनिक अडचण नाही.